मनकर्णाची काळी जीभ

शेरीची वाडी (पोस्ट चकलांबा)
१८ डिसेंबर १९७२

ती. केसरअक्कास मनकर्णाचा नमस्कार.

मला सहावा महिना लागला. तब्येत बरी आहे. रेशनच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही, पण उतरवते. आड कधीच आटला, टँकर दोन दिवसांआड येतो. गुरांच्या छावणीतल्या तीन गाई गेल्या. कशानं गेल्या ते इथं लिहीत नाही.

तू पाटोद्याला दवाखान्यात नर्स आहेस म्हणून एक विचारते. माझ्या जिभेवर काळे डाग आलेत. चार आहेत. दुखत नाहीत, चव जात नाही. आधी नव्हते. हे कशानं होतं ते लवकर कळव. कार्डावर एवढंच लिहिता येतं. बाकीचं तू समजून घे.

तुझी मनू


पाटोदा
२७ डिसेंबर १९७२

चि. मनूस अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

समजून घे म्हणतेस, समजले. माती खातेस ना? की पाटीवरची पेन्सिल? पोटुशी बाई काय काय चोरून खाते ते मी रोज बघते, माझ्यापासून लपवू नकोस. चार डागांचं एवढं काय घेऊन बसलीस? तुझी जीभ तर लहानपणापासूनच काळी! आठवतं का, आबांच्या शिंगाड्या बोकडाला तू म्हणालीस, हा आज मरतो, आणि दिवस मावळायच्या आत त्याला लांडग्यानं नेलं. तेव्हापासून तू आमची काळजिभी. आता डाग बाहेर दिसायला लागले इतकंच.

गाईंचं वाईट वाटलं. दुष्काळ आहे, जनावरं जायचीच. तू लोहाच्या गोळ्या घे, वेळेवर जेव. इथं खडी फोडणाऱ्या मजुरांत हगवणीची साथ आहे, मला मान वर करायला सवड नाही.

तुझी केसरअक्का


शेरीची वाडी
१५ जानेवारी १९७३

अक्का,

नमस्कार लिहायला हात होत नाही, इतका तुझा राग आलाय.

हे बंद पाकीट आहे. शेजारची छबुबाई गेवराईच्या बाजाराला चालली, तिच्या ओट्यात घालून पाठवतेय. मी पहिल्यांदा कार्ड का लिहिलं हे तुला कळायला हवं होतं. आमच्या वाडीत पाकीट आलं की सगळे विचारतात, सासरची कागाळी लिवली काय? आणि कार्ड सगळे वाचतात. आमचे बंकट भाऊजी रोज सायकलला दुधाच्या किटल्या लावून चकलांब्याला जातात आणि येताना वाडीची डाक आणतात. आलेलं कार्ड ते आधी पारावर मोठ्यानं वाचतात. मग ज्याचं असेल त्याच्या घरी येऊन वाचतात. मग हातात देतात. तुझं कार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा मी सोडून सगळ्या वाडीला ते पाठ झालं होतं.

आता ऐक. इथं दूध सोसायटीनं छावणी उघडली आहे. माझे चुलत सासरे सुंदरराव सोसायटीचे चेअरमन. ह्यांना त्यांनीच छावणीवर कामाला लावलं. डिसेंबरच्या सुरुवातीला मी ह्यांची भाकरी घेऊन गेले होते. पेंडीची पोती नुकतीच उतरली होती. मी एका पोत्यात हात घातला तर आतून पेंड ओलसर आणि कोमट. वास घेतला. आबा आपल्याला चारा हुंगायला शिकवायचे ते तू विसरलीस काय? आत हिरवी बुरशी होती. मी दहा माणसांसमोर म्हणाले, ‘ह्यी पेंड घालू नका, जनावरं मरतील.’ सुंदरराव हसले. म्हणाले, ‘धोंड्या, तुझी बायकू डाक्टर कवा झाली बे?’

आठव्या दिवशी पहिली गाय बसली. ती उठलीच नाही. आजपर्यंत अकरा गेल्या.

आणि त्याच दिवसांत माझ्या जिभेवर हे डाग उठले. ताक पिऊन ओठ पुसताना आत्याबाईंनी पाहिले. सासू असल्या तरी तोवर त्या मला बऱ्या होत्या. त्या नुसत्या संशयानं बघायच्या. मग तुझं कार्ड आलं. सख्ख्या बहिणीनं लिहून दिलं, हिची जीभ लहानपणापासून काळी, हिनं बोकड खाल्ला. सुंदररावांनी ते कार्ड बंकट भाऊजींकडून पुन्हा वाचून घेतलं. आता पेंडीचं नाव कुणी काढत नाही. गाई पेंडीनं मेल्या नाहीत, अक्का. गाई माझ्या जिभेनं मेल्या.

मला बोलायला बंदी आहे. गोठ्यात बोलायचं नाही, चुलीपाशी बोलायचं नाही, कुणाच्या लेकराचं नाव घ्यायचं नाही. काल संक्रांत झाली. चेअरमनच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, ‘घे बाई, अन् गप ऱ्हा.’

मी माती खात नाही. पेन्सिलही खात नाही.

मनकर्णा


पाटोदा
२२ जानेवारी १९७३

मनू,

तुझं पाकीट वाचून मी दवाखान्याच्या मागं जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खरंच मारली. थट्टा करायची ती कुठं करावी एवढंही मला कळलं नाही. शिकली-सवरलेली म्हणून मिरवते आणि बहिणीच्या गळ्यात दोन ओळींनी धोंडा बांधते. तुझा राग असू दे, तो मला पाहिजे.

हे मीही बंद पाकिटातच पाठवतेय. आता कामाचं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पोटुशी बाईच्या गालावर वांग येतो, बेंबीखाली काळी रेघ उमटते, तसेच काही जणींच्या जिभेवर काळे ठिपके येतात. अंगातल्या रंगाचा तो खेळ आहे. बाळाला काही होत नाही, आईला काही होत नाही. बाळंतपणानंतर पुष्कळांचे फिकट होतात, काहींचे राहतात. राहिले तरी बिघडत नाही. दुखायला लागले, व्रण झाला, सूज आली तर दाखवायचं. नाहीतर औषध नाही, कारण रोगच नाही.

हे तुझ्या आत्याबाईंना सांग. त्यांना विचार, तुमच्या पोटात धोंडीराम होते तेव्हा ती रेघ उमटली होती का नव्हती? ती कुणी खरवडून काढली का?

आणि तुझे हे काय करताहेत? सगळ्या पत्रात त्यांचा एक शब्द नाही. पेंडीची पोती त्यांनीच उतरवून घेतली ना? वास त्यांना आला नाही का? मेंढपाळाच्या घरातला माणूस तो. मला त्या सुंदररावापेक्षा त्यांचाच राग जास्त येतो.

मी रजा मागितली आहे. साथीमुळं मिळत नाही. रविवारी चार तारखेला काहीही करून येते.

तुझी अपराधी
केसरअक्का


शेरीची वाडी
२७ जानेवारी १९७३

अक्का,

चार तारखेला उशीर होईल.

शनिवारी तीन तारखेला अमावास्या आहे. शनिवारची अमावास्या, म्हणून आत्याबाईंना फारच मानवली. आश्रुबा भगताला बोलावलंय. सुई तापवून, बिब्ब्यात बुडवून चारही डागांवर चटका द्यायचा. जागा छावणी, कारण जनावरं तिथं मेली. आत्याबाई मला म्हणाल्या, ‘एकडाव डाग दिला की सुटलीस बघ. लेकरू बी सुटंल.’ अक्का, त्या हे प्रेमानं म्हणाल्या. डोक्यावरून हात फिरवला. त्याचा मला जास्त संताप आला.

रेघेचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘हुती की. पर माज्या बोलण्यानं कुणाच्या गाई न्हाई मेल्या.’

ह्यांचं विचारतेस. ह्यांना वास आला होता. रात्री मला म्हणाले, ‘मला म्हाईत हाय गं. पर बोललो तर काम जाईल.’ मी म्हणाले, आणि माझी जीभ जाईल त्याचं काय? तर भिंतीकडं तोंड करून झोपले. मी त्या पाठीला रात्रभर शिव्या दिल्या, मनातल्या मनात, कारण बोलायला बंदी आहे.

पळून यायचं म्हटलं तर चकलांब्यापर्यंत चालावं लागेल आणि पारावर माणसं बसलेली असतात. तू काहीतरी कर. तुझ्या कार्डानं हे झालं, आता तूच बघ.

मनकर्णा


पाटोदा
३० जानेवारी १९७३
कार्ड पहिलं

बंकट भाऊजी, हे कार्ड मनकर्णाच्या नावानं आहे पण आधी तुम्हीच वाचणार हे मला ठाऊक आहे. तर मोठ्यानं वाचा. खोकू नका, मधली ओळ गाळू नका. आत्याबाई साखराबाई आणि सोसायटीचे चेअरमन हजर असतील तर चांगलंच.

मागच्या कार्डात मी बहिणीची थट्टा केली होती. बोकड लांडग्यानं खाल्ला. तो लंगडा होता, कळपामागं राहायचा, म्हणून ती तसं म्हणाली. लंगडा बोकड लांडगा नेणार हे सांगायला जीभ काळी लागत नाही, डोळे लागतात.

कार्ड दुसरं. एकावर मावलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं आहे की गरोदर बाईच्या जिभेवर असे डाग येतात आणि ते निरुपद्रवी असतात. पोटावर काळी रेघ येते त्यातलाच तो प्रकार. शेरीच्या वाडीत पारावर बसलेल्या एकूण एक पुरुषाच्या आईला ती रेघ होती. चेअरमनच्या आईलाही होती.

गरोदर बाईच्या जिभेला जो कुणी बिब्बा लावील, जो सुई तापवील, जो तिचे हात धरील आणि जो नुसता उभा राहून बघेल, त्या प्रत्येकाचं नाव मी फौजदारापुढं सांगेन. वाचणाऱ्याचंही. साथीमुळं शनिवारी सुटका नाही, पण रविवारी मी येते आहे.

केसरबाई, नर्स


शेरीची वाडी
४ फेब्रुवारी १९७३, रविवार

अक्का,

दुपारची एसटी फाट्यावर आली. छबुबाई बघून आली. तू उतरली नाहीस. ‘काहीही करून येते’ असं लिहिणाऱ्या बाईला मी आता काय म्हणू? तुझी दोन्ही कार्डं परवा आली. भाऊजींनी पारावर वाचली. दुसरं वाचताना त्यांचा आवाज बसला म्हणे. पण रेघेच्या ओळीला लोक हसले. आणि सुंदरराव उठून म्हणाले, ‘सरकारी बाईच्या धमकीला मी भीत न्हाई. डाग उद्याच द्यायचा.’ म्हणजे तुझ्या कार्डानं दुसऱ्यांदा घात केला.

आता काय झालं ते लिहिते.

काल सकाळी मला छावणीत नेलं. आत्याबाई एका बाजूला, मंजुळाबाई दुसऱ्या बाजूला. सगळी वाडी जमलेली. आश्रुबा भगत शेणकुटाच्या विस्तवापुढं बसला होता, सुई लाल झाली होती. शेजारीच पेंडीची उरलेली पोती. इतक्या गाई मेल्या तरी तीच पेंड चालू होती. बघता बघता मला इतका राग आला की भीती कुठं गेली ते कळलं नाही. सुईकडं बघून नाही, त्या पोत्यांकडं बघून आला.

भगत म्हणाला, ‘जीभ काड.’ मी काढली. सगळ्यांना दिसेल अशी काढली. मग आत घेतली आणि एका महिन्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

मी म्हणाले, ‘माजी जीभ काळी हाय. हाय ना? मी म्हनते ते खरं हुतं. हुतं ना?’

आत्याबाईच म्हणाल्या, ‘हुतं बाई, म्हनून तर...’

‘मंग ऐका. मी ह्या काळ्या जिभेनं सांगते, ही पेंड चांगली हाय. लई चांगली. हिनं एक जनावर मरनार न्हाई. आता मी बोलले म्हंजे झालंच. तवा डाग द्यायच्या आदी चेरमनसाहेबांनी यातली पाटीभर आपल्या म्हशीला घालावी.’

अक्का, सुंदररावांची म्हैस छावणीत नाही. ती त्यांच्या घरच्या गोठ्यात कडबा खाते. हे सगळ्यांना दिसत होतं, रोज दिसत होतं, पण त्या क्षणी सगळ्यांनी एकदम तिकडं मान वळवली. गोठा छावणीला लागूनच आहे.

सुंदरराव म्हणाले, ‘येडी झाली का काय ही?’

मी म्हणाले, ‘येडी कावून? पेंड चांगली न्हाई काय?’

मग हे पुढं आले. माझ्याकडं बघितलं नाही. पोत्यातली पेंड पाटीत भरली, डोक्यावर घेतली आणि सरळ गोठ्याकडं चालायला लागले. मी ह्यांची पाठच बघत होते, पण ही पाठ वेगळी होती. म्हशीनं मान पुढं केली. ह्यांनी पाटी तिच्या तोंडापुढं धरली, आणि चेअरमन धोतर सावरत पळत गेले, पाटीला लाथ मारली आणि ओरडले, ‘माजी म्हैस गाबन हाय बे! मारतू का तिला?’

सगळ्या छावणीनं ते ऐकलं.

मी म्हणाले, ‘अन् मी?’

तेवढंच. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, महिनाभराचं साठलेलं होतं, पण रडू आलं, तेही रागाचं. भगतानं सुई विस्तवात टाकली, धोतर झटकलं आणि चालता झाला. लोकांनी पोती ओढत नेऊन आटलेल्या आडात टाकली आणि वर माती लोटली. चुकलो असं एक माणूस म्हणालं नाही, अक्का. छबुबाईनं पाणी दिलं. आत्याबाई डोक्यावर पदर ओढून घरी गेल्या.

ह्यांचं काम गेलं. आज सकाळी ते पाझर तलावाच्या कामावर गेले. जाताना म्हणाले, ‘तू म्हनली तवाच मी बोलाया पायजे हुतं.’ मी म्हणाले, हो. गोड काही बोलवलं नाही मला.

तू ये. किंवा नको येऊस.

मनकर्णा


पाटोदा
८ फेब्रुवारी १९७३

मनू,

शनिवारी रात्री साथीत दोन लेकरं गेली. त्यातलं एक माझ्या मांडीवर गेलं. रविवारी मी एसटीच्या थांब्यावर उभी होते आणि दवाखान्यातून माणूस बोलवायला आला. मी परत गेले. याची माफी मागत नाही, तू दिली नाहीस तरी चालेल.

तुझं पत्र मी इथल्या सगळ्या बायांना वाचून दाखवलं. ‘अन् मी?’ वर आमची स्वयंपाकीणबाई दोन दिवस सुंदररावाला शिव्या देते आहे, तिनं त्याला पाहिलेलं नसताना.

पुढच्या गुरुवारी येते आणि तुला घेऊन जाते. पहिलं बाळंतपण माहेरचं. आपल्याला आई नाही, आबा थकले, तेव्हा माहेर म्हणजे मी. साखराबाईंची परवानगी मी मागणार नाही, फक्त कळवणार आहे.

केसरअक्का


शेरीची वाडी
२४ एप्रिल १९७३

सौ. मनकर्णाबाईस साखराबाईचा आशीर्वाद. लिहिणार बंकट.

धोंडीरामनं सांगितलं, पोरगी झाली. बरं झालं, दोगी सुखरूप हायत हे महत्त्वाचं. हितं पाण्याचे लई हाल हायत. धोंडीराम तलावावर जातो, तुजी आठवण काडतो. मी बी काडते. माणूस चुकतं. तू मनात काय धरू नको.

एक इचारायचं हुतं. पोरीची जीभ बगितली का? कशी हाय ते कळव. माज्या जिवाला घोर लागलाय, दुसरं काय न्हाई. तुजे डाग गेले का ते बी कळव.

ता. क. हे बंकटचं स्वतःचं. चेअरमनसाहेबांची म्हैस व्याली, रेडी झाली. त्यांनी सगळ्या वाडीला पेढे वाटले. पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक आहे, तेच उभे आहेत.


पाटोदा
३० एप्रिल १९७३

ती. आत्याबाईंस नमस्कार.

हे मी कार्डावर लिहिते आहे, मुद्दाम. बंकट भाऊजी, पारावर वाचा.

तुम्ही विचारलं म्हणून सांगते. पोरीचं वजन चांगलं आहे. नाक धोंडीरामांचं आहे. त्यांचं नाव घेतलं, घेऊ द्या. केस दाट आहेत. रात्री रडते, दिवसा झोपते. यातलं तुम्ही काहीच विचारलं नाहीत. तुम्ही तिची जीभ विचारलीत.

लाल आहे. माझ्या चार डागांतले दोन फिकट झाले, दोन आहेत तसेच आहेत. डॉक्टर म्हणतात राहतील. राहू द्या.

तुमच्या जिवाला घोर असेल तर चेअरमनच्या गोठ्यात जा आणि त्या म्हशीचं तोंड उघडून बघा. पुष्कळ म्हशींची जीभ काळी असते, मेंढपाळाच्या पोरीला माहीत असतं, तुम्हालाही माहीत आहे. तिला कुणी सुई तापवत नाही. ती दूध देते आणि बोलत नाही, म्हणून तिचे पेढे वाटतात.

सव्वा महिना झाला की पोरीला घेऊन येते. निवडणुकीच्या आत येते. संक्रांतीचा तिळगूळ मी खाल्ला नाही, चिंधीत बांधून ठेवला आहे. तो मंजुळाबाईला परत द्यायचा आहे. येईन ती बोलतच येईन.

मनकर्णा